चार प्रश्नांचा फोन

लातूरला लेकरू शिकायला ठेवलेल्या सर्व आईबापांस,



तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचं लेकरू दिवसातून दोनदा माझ्या घरी जेवतं. ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. त्याआधी एकतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा घर मोठं आणि माणूस एकटं, म्हणून शेजारच्या चार मुलींना जेवू घालायला लागले. दहा वर्षांत चाराची साठ ताटं झाली. लेकरं मला मावशी म्हणतात.

बऱ्याच हॉस्टेलांत मोबाईल ठेवू देत नाहीत. मग घरी बोलायला लेकरं माझा फोन मागतात. तो स्वयंपाकघराच्या फळीवर असतो, तव्यापासून दोन हातांवर. मुद्दाम कान देऊन मी काही ऐकत नाही. पण शेतात उभं राहून बोलायची सवय असलेला तुमचा आवाज फोनच्या बाहेर येतो आणि कानाला झाकण नसतं. असे तुमचे हजारो फोन माझ्या कानांवरून गेलेत. बरेच दिवस गप्प बसले. यंदाच्या पावसाळ्यात एक फोन असा झाला, की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

बारावीतलं एक पोरगं तीन दिवस तापानं फणफणत होतं. ताट समोर आलं की नुसतं बघत बसायचं. चौथ्या दिवशी मी त्याच्यासाठी पेज केली आणि वाटी त्याच्यापुढं ठेवली, तेवढ्यात त्याच्या घरून फोन आला.

‘जेवलास का?’

‘हो.’

‘रविवारच्या टेस्टला किती पडले?’

‘चारशे बारा.’

‘मागल्या बारीला तर जास्त होते?’

‘हो.’

‘पैसे हायत का?’

‘हायत.’

‘बरं. कर अभ्यास. ठेवतो.’

पडद्यावर आकडा आला, ५२ सेकंद. पेज तशीच होती. मी म्हणाले, ‘अरे, तीन दिवस ताप आहे हे का नाही सांगितलंस?’ त्यावर त्या पोरानं अगदी सरळपणे उत्तर दिलं. ‘त्यांनी विचारलं नाही ना, मावशी. जे विचारलं ते सांगितलं.’

तुम्हाला ठाऊकच आहे, नीटच्या पेपरात १८० प्रश्न असतात आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. दोन वर्षं याच शिस्तीत घोटलेलं लेकरू घरच्या फोनलाही तसंच उत्तर द्यायला शिकतं. विचारलं तेवढंच सांगायचं. जिथं गुण कापले जायची भीती, तो प्रश्न सोडून द्यायचा.

पुढं लिहायच्या आधी एक कबूल करते. तुमचं लेकरावर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर माझ्याच डोळ्यांशी खोटं बोलल्यासारखं होईल. औसा, निलंगा, अहमदपूरकडून येणाऱ्या एस.टी.त ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवलेले डबे मी पाहिलेत. झाकणावर लेकराचं नाव, आत धपाटे आणि शेंगाची चटणी, वरून फडक्याची गाठ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा तुमच्यातल्या काहींनी त्या डब्यासोबत पाण्याची कॅनही पाठवली होती. सोयाबीनची पट्टी आडतीवरून घरी न जाता थेट क्लासच्या काउंटरवर गेलेली मला माहीत आहे. नवरा, शेत आणि म्हैस गावी सोडून दोन वर्षं इथं दहा बाय दहाच्या खोलीत लेकरासाठी राहिलेल्या आया माझ्या शेजारी आहेत. एवढं सोन्यासारखं करूनही तुमचं लेकरू संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणतं, ‘घरी कुणाला माझं काही पडलेलं नाही.’ ते खोटं बोलत नाही, तुम्हीही खोटे नाही. गावाहून निघते ती माया असते आणि इथं येऊन पोचते ती चौकशी. मधल्या रस्त्यात काय होतं, त्याची ही माझी गाऱ्हाणी.

पहिलं गाऱ्हाणं एका शब्दाचं आहे. मराठीची शिक्षिका आहे, शब्दाला अडखळते. दहावीच्या निकालादिवशी पेढे वाटता वाटता तुम्ही गावात सांगितलंत, ‘पोराला लातूरला टाकतो.’ हॉस्टेलला टाकलं, क्लासला टाकलं, मेसला टाकलं. बोलायची रीत आहे, मनात काही नसतं, हे मला कळतं. पण आपल्या भाषेत नांदवायची नसलेली बायकोही टाकतातच. पंधरा वर्षांचं लेकरू पहिल्या महिन्यात रात्री जागं असतं तेव्हा त्याच्या कानात हाच शब्द वाजतो. एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘मावशी, ताईला नाही टाकलं. मलाच का टाकलं?’ तिला वाटत होतं, घरात ती नकोशी होती. तिच्या बापाला वाटत होतं, दोघींत हुशार तीच, म्हणून तिच्यावर पैसा लावावा. दोघांच्या मनातलं एकमेकांना कळलं असतं तर ती सहा महिने उशीत तोंड खुपसून रडली नसती. पण सायन्स घ्यायचं का, लातूरला जायचं का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम म्हणतं, की मुलाच्या आयुष्याशी संबंध असलेल्या प्रत्येक गोष्टीत त्याला आपलं मत मांडायचा हक्क आहे आणि वयाच्या, समजेच्या मानानं त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारतानं ही संहिता १९९२ साली स्वीकारली. तीस वर्षं उलटून गेली तरी आपल्या ओसरीपर्यंत ते कलम आलेलं नाही.

दुसरं गाऱ्हाणं हिशेबाचं. ‘तुझ्यासाठी काय काय केलं’ हे वाक्य तुम्ही रागात म्हणता आणि विसरता. लेकरू विसरत नाही. माझ्याकडं जेवणाऱ्या एका मुलीच्या वहीचं शेवटचं पान मी एकदा पाहिलं. फी, हॉस्टेल, पुस्तकं, एस.टी.चं भाडं, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. त्यात माझ्या मेसचे पैसेही होते. खाली रेघ मारून बेरीज. मी विचारलं, ‘हे कशाला गं?’ म्हणाली, ‘एम.बी.बी.एस. झाल्यावर फेडायचंय. मग कुणी बोलणार नाही.’ सोळा वर्षांची पोर आईबापाच्या मायेची उधारी मांडून बसली होती. तिच्या बापानं कर्ज काढलं असेल, पण कर्जदार ती झाली होती.

आणि ‘काय कमी केलं तुला?’ हा प्रश्न. बी.एड.ला आम्हाला हॅरी हार्लो नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग अभ्यासाला होते. १९५० च्या दशकात त्यानं माकडाच्या पिल्लांना आईपासून तोडलं आणि दोन खोट्या आया करून दिल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडानं मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईकडं ठेवली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडं जायची आणि बाकीचा सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून असायची. प्रयोग क्रूर होता. तेव्हा मी तो पाच मार्कांसाठी पाठ केला. आता साठ ताटं वाढताना कधीतरी पोळी हातातच राहते. मी जेवण घालते, तुम्ही फी भरता, वॉर्डन कुलूप लावतो. सगळे मिळून आपण या लेकरांची तारेची आई तर झालो नाही ना?

तिसरं थोडक्यात सांगते. मार्क चांगले आले की तुम्ही स्टेटस ठेवता, पोराचा फोटो आणि खाली ‘अभिमान’. कमी आले की दुधाच्या भावाचं किंवा देवाचं स्टेटस येतं. स्वतःचा फोन नसलेलं लेकरूही रविवारी रात्री माझ्या फोनवर तेवढं एक बघून घेतं. मला म्हणतं, ‘पप्पांनी ठेवलं नाही.’ जेवत नाही. तुम्ही एक शब्द बोललेले नसता, तरी त्याला शिव्या खाल्ल्यासारखं होतं. आणि चुलत्याच्या पोराचे मार्क त्याला सांगू नका. ते त्याला तुमच्या आधी कळलेले असतात.

चौथं गाऱ्हाणं मुलींच्या आईबापांकडं. ‘जमत नसलं तर सांग, स्थळं यायलेत.’ हे तुम्ही फोनवर बोलता, आणि मला वाटतं निम्मं चेष्टेत बोलता. मुलीला ती चेष्टा वाटत नाही, कारण सातवीत तिच्यासोबत असलेल्या मैत्रिणीच्या कडेवर पोर असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांमागं जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपल्या शेजारच्या बीड-परभणीत हे प्रमाण साधारण दुप्पट. अशा मुलखातल्या मुलीला नापास होण्यापेक्षा तुमचा तो ‘स्थळं’ शब्द जास्त भिववतो. तिला फिजिक्स अवघड जातंय, हे ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. सांगितलं तर शिकवणी बंद आणि बस्ता सुरू, असं तिच्या डोक्यात पक्कं आहे. मग ती ‘बरं चाललंय’ म्हणते. तुम्ही निर्धास्त होता. ती रात्री दोनपर्यंत तेच गणित घेऊन बसते, एकटी.

पाचवं लिहिताना हात जड होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं एक पोरगं होतं. त्याला आजीनं वाढवलेलं. बोलण्यात दर दोन वाक्यांनी आजी. परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा ती गेली. घरच्यांनी ठरवलं, पोराला सांगायचं नाही. त्याचा बाप मला फोनवर म्हणाला, ‘मावशी, तुम्हीबी बोलू नका. लक्ष विचलित होईल.’ मी गप्प राहिले. ते पाप माझंही आहे. पोरगं फोनवर आजीला द्या म्हणायचं, तिकडून सांगायचे, झोपलीय. दवाखान्यात नेलंय. देवाला गेलीय. पेपर झाला, बाप न्यायला आला आणि बसस्टँडवर सांगितलं. पोरगं रडलं नाही. ‘बरं’ एवढंच म्हणालं. जाताना माझ्या पाया पडलं आणि विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’ मी मान खाली घातली.

त्याला मार्क चांगले पडले. आज ते कुठल्याशा सरकारी कॉलेजात डॉक्टरकी शिकतंय. त्याचा बाप मला पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘घरी आला तरी खोलीतून बाहेर येत नाही. काय बोलतच नाही आमच्याशी.’ मी काय सांगणार? आजीला खांदा द्यायचा, तिच्यासाठी रडायचा त्याचा हक्क आपण त्याला न विचारता काढून घेतला. त्याचं दुःख झेलायला आपण समर्थ होतो की नाही कुणास ठाऊक, पण त्याचे मार्क घटायची जोखीम घ्यायला आपण कुणीच तयार नव्हतो. हे त्याला कळलं.

शेवटचं गाऱ्हाणं, लेकरू तोंड उघडतं तेव्हाचं. क्वचित एखादं धीर करून म्हणतं, ‘माझं मन लागत नाही. भीती वाटते.’ त्यावर तुमची उत्तरं मला पाठ आहेत. ‘नाटकं करू नको.’ ‘आमच्यावेळी रॉकेलच्या दिव्यात शिकलो.’ आणि सगळ्यांत मायेनं दिलेलं, ‘टेन्शन घेऊ नको.’ हे ऐकायला गोड, पण लेकराचं बोलणं तिथंच संपतं. टेन्शन घेऊ नको म्हटल्यावर त्यानं पुढं काय सांगायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात अठराच्या आतल्या १०,७३२ मुलांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या ८६४ जणांच्या नावापुढं कारण म्हणून परीक्षेतलं अपयश लिहिलंय. ३,२३३ जणांच्या नावापुढं कौटुंबिक समस्या. पोलिसांनी भरलेल्या रकान्यात लेकराचं सगळं मन मावत नाही आणि असं टोक कुणी एका कारणानं गाठत नाही, हे मान्य. तरीही आपण पेपराला जेवढं भितो, त्याच्या पाव हिश्शानं तरी घरातल्या बोलण्याला भ्यायला हवं की नको?

तुम्ही म्हणाल, ‘मावशी, एवढं ऐकत बसलो तर पोरं डोक्यावर बसतील. आमचं तरी आमच्या आईबापानं कुठं ऐकलं होतं?’

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. खरंय, नाही ऐकलं. पण तुमच्या लहानपणी घरात आजी होती, चुलती होती, पारावर बसणारा एखादा बिनकामाचा तात्या होता. बापानं मारलं तर धावत जायला कुणाचा तरी पदर होता. तुमचं ऐकणारं माणूस बाप नसेल, पण घरात कुणीतरी होतं. तुमच्या लेकराच्या खोलीत दोन खाटा, एक टेबल आणि भिंतीवर आवर्त सारणी आहे.

आणि लाडाचं म्हणाल, तर साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ मी वर्षानुवर्षं वर्गात वाचून दाखवली. ती आई काही लाड करणारी नव्हती. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिनं शिंपटीनं झोडपून विहिरीवर पाठवलं. पण नंतर पाठीवरचे वळ बघून तिचेच डोळे भरले आणि आपण का मारलं ते तिनं त्याला जवळ घेऊन सांगितलं. हातात छडी घ्यावी असं मी म्हणत नाही, तो काळ गेला. सांगायचं ते इतकंच, की वळ नेमका कुठं उठलाय हे त्या आईला माहीत होतं. तुमच्या लेकराला वळ कुठं उठलेत, हे तुम्हाला माहीत आहे का?

हे सगळं मी मोठ्या शहाणपणानं लिहितेय असं समजू नका. आता माझं ऐका.

माझा मुलगा लहान होता तेव्हा मी संध्याकाळी पेपर तपासायला बसायची. तो येऊन टेबलापाशी उभा राहायचा. ‘आई, एक सांगू?’ मी म्हणायची, ‘थांब, एवढा गठ्ठा होऊ दे.’ गठ्ठा संपायचा तेव्हा तो झोपलेला असायचा. शाळेत मी पोरांचं ऐकून घेणाऱ्या बाई म्हणून प्रसिद्ध होते. घरी कधीतरी तो टेबलापाशी यायचा बंद झाला. कुठल्या वर्षी, ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या ते ध्यानातच आलं नाही. वाटलं, पोरगं शहाणं झालं, आता त्रास देत नाही.

तो आता बेचाळीस वर्षांचा आहे, हैदराबादला असतो. दर रविवारी रात्री नऊला फोन करतो. ‘जेवलीस का? बीपीची गोळी घेतली का? पैसे पोचले का? काही लागतंय का?’ हो, हो, हो, नाही. मिनिटाच्या आत फोन संपतो. चार प्रश्न. मीच शिकवलेले.

त्या तापातल्या पोराचा फोन झाला, त्याच रविवारी मी मुलाला ती गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, ‘आई, मी तुझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचो, आठवतं?’ मी म्हणाले, ‘आठवतं. काय सांगायचं असायचं रे तुला?’ तो म्हणाला, ‘आता आठवत नाही.’

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तुमचं लेकरू अजून सोळा-सतराचं आहे. त्याला काय सांगायचंय ते त्याला अजून आठवतंय. म्हणून ही विनवणी आजच करते.

एक, फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. दुसराही नको. मार्क क्लासवाले तुम्हाला मेसेजनं कळवतातच.

दोन, आधी तुमचं सांगा. विहिरीला पाणी किती आहे, बांधावरून कुणाशी भांडण झालं, आईचा गुडघा कसा आहे. लेकराला वाटू द्या की ते अजून त्या घरात राहतं. घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर कळवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. तुम्ही आपलं उघडं केलंत तरच ते आपलं उघडं करील.

तीन, महिन्यातून एकदा या, टेस्टचा दिवस सोडून. आल्या आल्या क्लासच्या ऑफिसात जाऊन प्रगती विचारू नका. लेकराच्या शेजारी बसून माझ्याकडं जेवा. त्या ताटाचे पैसे मी घेणार नाही.

चार, चुकलं असेल तर चुकलं म्हणा. ‘मी तुला त्या दिवशी लई बोललो, माझं चुकलं.’ बापाच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं एकच पोरगं या दहा वर्षांत मला भेटलं. ते सगळ्या मेसला सांगत फिरत होतं.

पाच, परतीची वाट मोकळी ठेवा. ‘नाही जमलं तर घरी ये, घर तुझंच आहे,’ हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्हाला वाटतं ते त्याला कळतच असेल. नाही कळत. हे ऐकलेलं लेकरू अभ्यास सोडत नाही, उलट जरा मोकळ्या श्वासानं करतं.

सहा, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. लेकरू ‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाचं काहीही बोललं, चेष्टेत बोललं, तरी ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका असं वॉर्डनला किंवा माझ्यासारखीला सांगा आणि पहिल्या गाडीनं या. सरकारचा टेलिमानस म्हणून १४४१६ हा नंबर आहे, तिथं मनाच्या दुखण्यावर फुकट सल्ला मिळतो, तुम्हालाही मिळतो. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही मी फळीच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेत. तुमच्या घरच्या भिंतीवरही लिहा. मनाच्या डॉक्टरकडं गेल्यानं पोराला बट्टा लागत नाही.

पत्र लांबलं. पण त्या तापातल्या पोराचं काय झालं, ते तुम्ही मनात विचारलं असेल. मी त्याला म्हटलं, ‘तुझ्या आईला मी सांगू का?’ त्यानं खांदे उडवले, पण नाही म्हणाला नाही. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं त्याची आई आली, पायांना चिखल तसाच. मी तिला एवढंच म्हणाले, ‘मार्काचं काढू नका.’ तिनं काढलं नाही. त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली आणि म्हैस व्याल्याचं सांगू लागली. रात्री बारापर्यंत कसं जागावं लागलं, लाईट नव्हती, रेडकू आधी हललंच नाही, मग बापानं त्याला चोळून चोळून कसं उभं केलं. पोरानं डोळे मिटून ऐकलं आणि ऐकता ऐकता पेजेची वाटी रिकामी केली. मग हळूच म्हणालं, ‘मम्मी, मला इथं लई एकटं वाटतं.’ ती माय काही बोलली नाही. हात कपाळावरून काढला नाही, बस.

ती दुपारच्या गाडीनं गेली. संध्याकाळी पोरगं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. टेस्ट नव्हती, पैसे नको होते, कुणाचा फोन आलेला नव्हता.

‘मावशी, जरा फोन द्या ना. रेडकाचं नाव काय ठेवलं, विचारायचंच राहिलं.’

तो फोन एकोणीस मिनिटं चालला. माझ्या दोन पोळ्या करपल्या.

कळावे, लोभ असावा. माझ्यावर असला-नसला तरी चालेल, लेकरावर असलेला त्याला ऐकू येईल असा असावा.

तुमच्या लेकरांची,
मेसवाली मावशी
लातूर